ब्रायटन: पुढून राजवाडा, मागून गोटे आणि चुना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलीला ससेक्स युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय, तुम्ही दोघं तिला सोडायला ब्रायटनला जाताय, एकाने सांगितलं इंग्लंडमधलं सगळ्यात मोकळंढाकळं समुद्रकाठचं गाव, दुसऱ्याने सांगितलं गोट्यांचा बीच आणि बारमाही जत्रा, तर यातलं खरं काय. शिवाय समुद्रासमोरच्या त्या पांढऱ्या जुन्या बिल्डिंगांमध्ये भाड्याचे फ्लॅट दिसतायत ते घ्यावेत का. माझं काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आहे, म्हणजे सर्वे करायचा, ओल कुठून येतेय ते शोधायचं, कुठला गिलावा चालेल ते सांगायचं, आणि त्यातलं बरंचसं ब्रायटन आणि त्याला चिकटून असलेल्या होव्हमध्येच झालंय, त्यामुळे मला हे गाव भिंतींच्या बाजूने जास्त माहीत आहे. उत्तर लांबेल.

दोन्ही मतं बरोबर आहेत आणि दोन्हीचं मूळ एकच आहे. ब्रायटन गेली पावणेतीनशे वर्षं पाहुण्यांसाठी उभं केलेलं गाव आहे. लंडनहून येणाऱ्याला काय दिसेल ते आधी, राहणाऱ्याचं नंतर. दर्शनी बाजू झकास आणि मागे काय वाट्टेल ते. बडा घर पोकळ वासा म्हणतो ना आपण, ते इथे टोमणा म्हणून नाही, बांधकामाची पद्धत म्हणून घ्या, पुढे सांगतोच.

त्याआधी हे साधं कोळ्यांचं गाव होतं. जुनं नाव ब्राइटहेल्मस्टन. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने सारावसुलीसाठी करून घेतलेल्या नोंदींमध्ये, इथल्या एका जमिनीचा खंड ४,००० हेरिंग मासे असा लिहिलाय. बंदर असं काही नाही, होड्या गोट्यांवरून ओढून वर घ्यायच्या. १५१४ मध्ये फ्रेंचांनी येऊन गाव जाळलं, आणि १७०३ आणि १७०५ च्या वादळांनी कड्याखालची वस्ती पार धुऊन नेली. त्यानंतर गाव जवळजवळ मोडकळीलाच आलं होतं. आज द लेन्स म्हणून ज्या अरुंद गल्ल्या दाखवतात, सोन्याचांदीच्या दुकानांच्या, तो त्या जुन्या गावाचा नकाशा आहे, घरं मात्र बहुतेक नंतरची. तिथली सगळ्यात अरुंद बोळ असते तिला स्थानिक लोक ट्विटन म्हणतात, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचं.

मग आले डॉक्टर रिचर्ड रसेल. हे शेजारच्या लुइस गावचे. त्यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला, की गाठींच्या आजारांवर समुद्राचं पाणी हे औषध आहे, नुसतं अंघोळीला नाही तर प्यायलासुद्धा. पुस्तक इंग्रजीत आलं आणि तुफान चाललं. १७५३ मध्ये डॉक्टरांनी इथल्या ओल्ड स्टाइन या मोकळ्या मैदानाच्या टोकाला स्वतःचं मोठं घर बांधलं, पेशंट तिथेच ठेवून घ्यायचे आणि तिथून समुद्रात पाठवायचे. औषध म्हणून त्यात किती दम होता ते सोडा, पण धंदा म्हणून कमाल, कच्चा माल फुकट आणि संपणारा नाही. डॉक्टर १७५९ मध्ये गेले. त्या जागेवर पुढे १८२६ मध्ये रॉयल ॲल्बियन हॉटेल आलं, ते २०२३ च्या जुलैत आगीत होरपळलं, तुम्ही जाल तेव्हा तिथे काय दिसेल सांगता येत नाही.

समुद्रात उतरायची पद्धत मजेशीर होती. चाकांवरची लाकडी खोली, घोडा लावून पाण्यात न्यायची, आत कपडे बदलायचे, आणि बाहेर पाण्यात उभी असायची एक दणकट बाई, ती पेशंटबाईंना धरून लाटेत बुचकळायची. या बायकांना डिपर म्हणायचे. त्यांच्यातली मार्था गन इतकी गाजली की तिची चित्रं निघाली, सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिची कबर आजही दाखवतात. कोळ्यांच्या घरातल्या बायकापुरुषांना असं नवं काम मिळालं, पण जागा गेली. ज्या स्टाइनवर ते जाळी वाळत घालायचे तिथे बड्या लोकांना फिरायला हिरवळ पाहिजे होती, जाळ्यांत पाय अडकतात म्हणून तक्रारी सुरू झाल्या, आणि हळूहळू कोळी खाली बीचवर ढकलले गेले. पाहुण्यांच्या गावात हे होतंच, ब्रायटनमध्ये जरा लवकर झालं एवढंच.

१७८३ मध्ये एकवीस वर्षांचा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, पहिल्यांदा आला. कारण तब्येतीचं सांगितलं जायचं, खरं कारण बापापासून लांब राहायचं होतं. खाणं, पिणं, घोडे, पत्ते आणि मारिया फिट्झहर्बर्ट. ती कॅथलिक, दोनदा विधवा झालेली, तिच्याशी त्याने १७८५ मध्ये गुपचूप लग्न केलं जे कायद्याला मान्यच नव्हतं. राहायला एक साधं फार्महाउस घेतलं, ते १७८७ मध्ये आर्किटेक्ट हेन्री हॉलंडने वाढवून दिलं. मग शेजारी घोड्यांसाठी विल्यम पोर्डनने भलामोठा घुमट असलेला तबेला बांधला, हिंदुस्थानी थाटाचा, आणि गंमत अशी झाली की तबेल्यापुढे मालकाचंच घर किरकोळ दिसायला लागलं. १८१५ पासून जॉन नॅशने तो सगळा बदलून जो रॉयल पॅव्हिलियन उभा केला तोच आजचा. बाहेरून मोगल छापाचे घुमट, मिनार, जाळ्या. आत शिरलात की चिनी ड्रॅगन. नॅशने हिंदुस्थान बघितलाच नव्हता, डॅनियल काका-पुतण्यांनी इकडे फिरून केलेली चित्रं समोर ठेवून त्याने हे केलं, म्हणून तुम्हाला ते बघताना ओळखीचं वाटेल आणि तरी काहीतरी चुकलंय असंही वाटत राहील. घुमटांच्या आत बिडाचा सांगाडा आहे, त्या काळात घरासाठी ही फार पुढची गोष्ट. पण छतावर जे नव्या प्रकारचं मॅस्टिक, म्हणजे पाणी अडवायचा लेप, लावलं ते फसलं आणि राजवाडा गळायला लागला. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, राजाच्या घरीही तोच प्रॉब्लेम. गळती, ओल, आग, काही सुटलं नाही त्याला. १९७५ मध्ये कोणीतरी आग लावली त्यात म्युझिक रूम जळाली, बरीच वर्षं काम करून ती परत पहिल्यासारखी केली, आणि १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात मिनारावरचा दगडी गोळा निखळून त्याच खोलीचं छत फोडून नव्या गालिच्यावर येऊन पडला.

तिकीट महाग वाटेल, तरी आत जा. जेवणाच्या हॉलमधलं झुंबर जवळजवळ एक टन वजनाचं आहे आणि ते वर एका ड्रॅगनच्या नख्यांत लटकतंय असं केलंय. स्वयंपाकघरातले खांबही बघा, वरून ताडाच्या झाडासारखे पत्र्याच्या पानांचे.

तिथून समुद्राकडे आलात की क्वीन्स हॉटेल लागतं. त्या जागेवर एका हिंदुस्थानी माणसाचं स्नानगृह होतं हे फार जणांना माहीत नसतं. शेख दीन मोहम्मद, जन्म १७५९, पाटण्याचा. कंपनीच्या बंगाल फौजेत वाढला, आयर्लंडला गेला, तिथे लग्न केलं, १७९४ मध्ये स्वतःच्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक छापलं, हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक धरतात. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाउस काढलं, दोन वर्षांत दिवाळं निघालं. मग पठ्ठ्या १८१४ मध्ये ब्रायटनला आला आणि वाफेचं स्नान आणि मालिश विकायला लागला. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग हळूहळू गुण येतोय म्हणून रांग लागली, बऱ्या झालेल्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या तो भिंतीवर टांगून ठेवायचा, जाहिरात म्हणून! चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतरचा चौथा विल्यम, दोघांचा अधिकृत शॅम्पूइंग सर्जन, म्हणजे मालिशवाला. १८५१ मध्ये गेला, सेंट निकोलसच्याच आवारात त्याचीही कबर आहे. मला विचाराल तर ब्रायटनचा स्वभाव रसेल आणि हा दीन मोहम्मद यांच्यात सगळा आला. समुद्र सगळ्यांचाच, त्याला गोष्ट जोडून विकता आली पाहिजे.

आता भिंती. १८०१ च्या जनगणनेत वस्ती सात हजारांच्या वर होती, १८२१ मध्ये चोवीस हजारांच्या पुढे. वीस वर्षांत तिपटीहून जास्त. एवढी घरं कोणी बांधली, कशातून बांधली? इमारतीचा दगड जवळ नाही, चांगल्या विटांना पैसे लागतात. मग बंगरूश नावाचा प्रकार सुरू झाला, हा ब्रायटनचा खास. दोन्ही बाजूंना फळ्यांचं शटरिंग लावायचं आणि मध्ये जे हाताला लागेल ते टाकायचं, बीचवरचे गोटे, गारगोटी, विटांचे तुकडे, लाकडाचे ढलपे, आणि वरून चुना ओतायचा. सुकलं की फळ्या वर सरकवायच्या. मी अशी भिंत उघडतो तेव्हा एका हातभर जागेत अर्धी वीट, मुठीएवढा काळा गोटा, शिंपल्यांचा चुरा आणि मध्ये आडवी टाकलेली, आता भुगा झालेली लाकडी पट्टी असा माल सापडतो. आणि याच्यावर पुढच्या बाजूने गुळगुळीत स्टको, म्हणजे दगडाच्या चिरेबंदी कामासारख्या रेषा मारलेला गिलावा, त्याला क्रीम रंग, खांब, गॅलरी, समुद्र तिरका तरी दिसावा म्हणून बाहेर आलेल्या गोल खिडक्या. पाच मजले. राजेशाही!

गावात एक जुना जोक आहे की अर्धं ब्रायटन पाडायला नुसता पाण्याचा पाइप नीट धरला तरी पुरे. जोक आहे पण त्यात तथ्य आहे. बंगरूशला थोडी ओल लागते, फार सुकलं तर भुसभुशीत होतं, फार भिजलं तर चुना विरघळून जातो आणि भिंतीला पोट येतं. चुन्याच्या गिलाव्यातून ती भिंत श्वास घेते. मग विसाव्या शतकात कोणीतरी शहाण्याने त्यावर सिमेंटचं प्लॅस्टर मारलं, वर प्लॅस्टिक पेंट मारला, बारीक भेगेतून पाणी आत जायला लागलं आणि बाहेर पडायला वाट नाही. माझं निम्मं काम म्हणजे ते सिमेंट काढून परत चुना लावणं.

दुसरी फसवाफसवी मॅथेमॅटिकल टाइल्सची. लाकडी घराला पुढून कौलं ठोकायची, पण ती अशा आकाराची की एकावर एक बसली की बाहेर फक्त विटेएवढा चेहरा दिसतो, सांध्यात चुना भरला की पक्की विटांची भिंत. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो, आणि कोपऱ्यावर बघा, तिथे कारागिराची पंचाईत व्हायची म्हणून बहुतेक वेळा लाकडी पट्टी मारून झाकलेलं असतं. रॉयल क्रेसेंटला (१७९८ ते १८०७) चकचकीत काळ्या टाइल्स आहेत, आरशासारख्या, जरूर बघा. गाइड लोक हमखास सांगतात की विटांवर टॅक्स होता तो चुकवायला हे केलं. ते ऐकून सोडून द्या. १७८४ मध्ये टॅक्स आला तेव्हा या टाइल्सवरही लागला. खरं कारण साधं आहे, खाऱ्या वाऱ्यापावसात लाकडी घर टिकतं आणि कमी पैशात फॅशनेबल दिसतं.

यात पैसे कोणी घातले? सट्टेबाजांनी. थॉमस रीड केम्प नावाच्या जमीनदाराने १८२३ च्या सुमारास पूर्वेला केम्प टाउन काढायला घेतलं, ससेक्स स्क्वेअर आणि लुइस क्रेसेंट, बाथ शहरातल्या प्रसिद्ध रॉयल क्रेसेंटपेक्षाही मोठा घेर. ठरवलेल्या घरांपैकी निम्मीसुद्धा पुरी झाली नाहीत, केम्प सावकारांना चुकवून परदेशी पळाला आणि १८४४ मध्ये पॅरिसमध्ये मेला. पश्चिमेला होव्हच्या बाजूला ब्रन्सविक स्क्वेअर, ते चार्ल्स बझ्बी आणि वाइल्ड्स या आर्किटेक्टांच्या हातचं. या दोन्ही ठिकाणी पद्धत अशी होती की पुढचा भाग ठरलेल्या ड्रॉइंगप्रमाणे, मागे घेणाऱ्याने पाहिजे तसं बांधावं. म्हणून माझं नेहमीचं सांगणं, स्क्वेअरचा फोटो काढून झाला की मागच्या गल्लीत जा. पुढून सगळी घरं एका साच्यातली, मागून एकाचं काही दुसऱ्याशी जुळत नाही, कुठे गोटे उघडे, कुठे विटा, कुठे पाइपांचं जंजाळ. ब्रन्सविकमध्ये तर पुढची बाजू दर पाच वर्षांनी ठरलेल्या क्रीम रंगात रंगवायचं कायद्याचं बंधन आहे. मागच्या बाजूबद्दल कायदा गप्प!

१८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली. घोडागाडीने पाचसहा तास लागायचे ते दोन तासांवर आलं, आणि पुढे स्वस्त एक्स्कर्शन गाड्या सुरू झाल्यावर कारकून, कामगार, शिंपी, सगळे एका दिवसात येऊन जायला लागले. बड्या लोकांनी आपला सीझन उन्हाळ्यातून काढून शरदात नि हिवाळ्यात नेला, गर्दी टाळायला. राणी व्हिक्टोरियाला तर पॅव्हिलियन आवडलाच नाही, समुद्र दिसत नाही आणि लोक घोळका करून बघतात, म्हणून तिने आइल ऑफ वाइटवर ऑस्बोर्न घेतलं, पॅव्हिलियनमधलं सामान काढून नेलं आणि १८५० मध्ये वास्तू गावाला ५३,००० पाउंडांना विकून टाकली. हा व्यवहार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेल्वेनंतरचं ब्रायटन म्हणजे हौसे, नवसे, गवसे सगळे. धक्के, ज्यांना तिकडे पिअर म्हणतात, ते याच गर्दीसाठी. पहिला चेन पिअर १८२३ चा, साखळ्यांवर तोललेला, फ्रान्सच्या बोटी लागायच्या तिथे. १८६६ मध्ये वेस्ट पिअर, १८९९ मध्ये पॅलेस पिअर, तोच आज दिवे आणि पाळण्यांसकट चालू आहे. मॅग्नस व्होल्क नावाच्या स्थानिक इंजिनिअरने १८८३ मध्ये किनाऱ्यालगत विजेची छोटी रेल्वे काढली, ती अजून चालते, जगातली चालू असलेली सगळ्यात जुनी विजेची रेल्वे. पण याच माणसाचा दुसरा उद्योग मला जास्त आवडतो. त्याने समुद्राच्या तळावर रूळ टाकले आणि वर तेवीस फूट उंच लोखंडी पायांवर चालणारा डबा, भरतीच्या पाण्यातून रॉटिंगडीनपर्यंत. लोक त्याला डॅडी लाँग लेग्ज म्हणायचे. कायद्याने ती बोट की ट्रेन हे ठरेना, म्हणून तिच्यावर जहाजाचा कप्तान आणि लाइफबोट ठेवायला लागायची. १८९६ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाली आणि आठवड्याभरात ४ डिसेंबरच्या वादळात आडवी झाली. चेन पिअरही त्याच रात्री गेला. व्होल्कने डबा परत उभा केला, १९०१ पर्यंत कसाबसा चालवला. ओहोटीला त्या रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे अजून दिसतात.

मग वीकेंडचं ब्रायटन. याबद्दल इंग्रज माणूस गालात हसतो त्याला कारण आहे. १९३७ पर्यंत इंग्लंडमध्ये घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चालायचं, आणि १९२३ पासून बायकोलाही फक्त तेवढ्यावर अर्ज करता यायला लागला. मग ज्यांना समजुतीने वेगळं व्हायचंय त्यांनी काय करायचं? नवऱ्याने एका भाड्याच्या बाईबरोबर ब्रायटनच्या हॉटेलात रात्र काढायची, बहुतेक पत्ते खेळून, सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीने दोघांना एका खोलीत बघायचं, आणि हॉटेलचं बिल नि तिची साक्ष कोर्टात. वरून कीर्तन आतून तमाशा ऐकलं असेल, इथे तमाशा वर होता आणि आत दोन कंटाळलेली माणसं. त्याच तीसच्या दशकात रेसकोर्सवरच्या वस्तरेवाल्या टोळ्या, स्टेशनच्या सामानघरात ट्रंकेत सापडलेलं प्रेत, असा बदनामीचा काळही होता. १९६४ मध्ये मॉड्स आणि रॉकर्स या दोन गटांच्या पोरांची बीचवर हाणामारी, १९८४ च्या ऑक्टोबरात ग्रँड हॉटेलात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब, पाच जण गेले, पंतप्रधान थॅचर वाचल्या. हे सगळं गाइड रंगवून सांगतील, मी थांबत नाही.

थांबतो ते १९१४ पाशी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदुस्थानी शिपायांसाठी पॅव्हिलियन, शेजारचा तो तबेल्याचा घुमट आणि कॉर्न एक्सचेंज नावाची इमारत मिळून हॉस्पिटल केलं, ७०० च्या वर खाटा, १९१६ च्या सुरुवातीपर्यंत. झुंबरांखाली खाटा लावलेले फोटो बघितले असतील. जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. व्यवस्था खरंच चांगली होती. पण प्रचार असा केला की बादशहाने स्वतःचा राजवाडा आपल्या शिपायांना दिला. बादशहाचा कुठला, तो १८५० पासून गावाचा होता! फोटो, पोस्टकार्डं छापून इकडे पाठवली, भरतीला उपयोगी पडावीत म्हणून. आणि त्याच गावात वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना कामावर ठेवायच्या आश्रमाच्या, इमारतीतल्या किचनर हॉस्पिटलमध्ये शिपायांनी बाहेर पडू नये म्हणून भिंतींवर काटेरी तारा होत्या. पोस्टकार्डावर घुमट आले, तारा आल्या नाहीत.

जे हिंदू आणि शीख शिपाई इथे वारले त्यांतल्या ५३ जणांना गावाबाहेर डाउन्सच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागेवर पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, आर्किटेक्ट मुंबईचे ई. सी. हेन्रिकेस, १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्घाटन. मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. छत्रीपर्यंत गाडी जात नाही, पॅचमच्या बाजूने मेंढ्यांच्या कुरणातून चढत जावं लागतं, चिखल असतो, बूट बरे घाला. ५३ जणांची नावं २०१० मध्ये शेजारी भिंतीवर कोरली, तोपर्यंत नव्हती. दर जूनमध्ये मानवंदना होते. वेळ कमी असेल तर माझं मत, पिअर सोडा पण छत्री करा.

आजच्या गावाचं म्हणाल तर खारा वारा त्याला खातोय. वेस्ट पिअर १९७५ मध्ये बंद झाला, पंचवीस वर्षं पैसे कोण देणार यावर चर्चा, आणि २००२ च्या शेवटी वादळात तुटला, २००३ मध्ये दोनदा जळाला, आता समुद्रात नुसता सांगाडा आहे आणि तोच सगळ्यात जास्त फोटोत येतो. त्याच्या मुळाशी २०१६ मध्ये आय ३६० म्हणून १६२ मीटरचा मनोरा उभा केला, कौन्सिलने कर्ज काढून दिलं, अपेक्षेएवढे लोक आले नाहीत, कंपनी बुडाली, सुमारे ५१ मिलियन पाउंड कर्ज कौन्सिलने सोडून दिलं. पूर्वेला मडिरा टेरेस, १८९० च्या बिडाच्या कमानींची जवळपास पाऊण किलोमीटरहून लांब रांग, २०१२ पासून धोकादायक म्हणून बंद, आता टप्प्याटप्प्याने काम चालू आहे. बीड वाकत नाही, एकदम तडकतं, आणि वर्षानुवर्षं थरावर थर पेंट मारलेला असतो त्याखाली तडा दिसत नाही, म्हणून एकेक तुकडा सोडवून तपासावा लागतो. खर्च त्यातच जातो. लोक म्हणतात नुसतं रंगवून का घेत नाही! रंगवूनच तर इथपर्यंत आलं.

मोकळंढाकळं म्हणतात तेही खरं. शतकानुशतकं अनोळखी लोक येऊन आपली हौस करून जातात तेव्हा गावाला कोणाचं काही वाटेनासं होतं. समलिंगी लोकांची इथली वस्ती जुनी, त्यांच्या प्राइड मिरवणुकीला अख्खं गाव रस्त्यावर असतं. नॉर्थ लेन या भागात जुने कपडे, रेकॉर्ड्स, शाकाहारी खाणं भरपूर, मुलीला आवडेल. बीचवर मात्र खरंच गोटे आहेत, वाळू फक्त पूर्ण ओहोटीला थोडी दिसते, अनवाणी जाऊ नका, आणि चिप्स उघड्यावर खाताना सीगलवर लक्ष ठेवा.

आता फ्लॅट. पहिली गोष्ट, युनिव्हर्सिटी ब्रायटनमध्ये नाही, फाल्मरला आहे, गावापासून सहाएक किलोमीटर आत, ट्रेनने दहा मिनिटं. समुद्रासमोर राहिली तर रोज आधी स्टेशनचा चढ. विद्यार्थी बहुतेक लुइस रोडच्या पट्ट्यात राहतात, पहिल्या वर्षी कॅम्पसवरची खोली मिळत असेल तर तीच घ्या. तरी पांढऱ्या बिल्डिंगचा मोह पडलाच तर बेसमेंट नको आणि सगळ्यात वरचाही नको, एकात जमिनीची ओल, दुसऱ्यात छताची. बघायला पाऊस पडून गेल्यावर जा. भिंतीवर हात फिरवा, खालच्या दोनतीन फुटांत पोपडे, मीठ फुटल्यासारखी पांढरी पावडर किंवा ताजा पेंट फक्त तेवढ्याच भागाला असेल तर समजून घ्या. कपाट भिंतीपासून सरकवून मागे बुरशी बघा. एजंट म्हणेल हे नुसतं कंडेन्सेशन आहे, खिडकी उघडी ठेवा, कधी ते खरंही असतं, पण बाहेर जाऊन त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि भेगा दिसल्या तर नाही. इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत, असली की डबल काचा बसवायला सहसा परवानगी मिळत नाही, त्या सुंदर गोल खिडकीतून हिवाळ्यात वारा येतो, म्हणून आधीच्या भाडेकरूचं हीटिंगचं बिल विचारा. भिंतीत शेल्फ लावायचा विचार करू नका, ड्रिल एकतर गोट्याला अडतं नाहीतर पोकळीत सटकतं. आणि डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवायचं बंधन घरमालकावर आहे, त्याची पावती मुलीच्या नावाने मागून घ्या, खोलीचे तारखेसकट फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, ओलीचे तर नक्की.